पोलिसांना बोलावलं तर भावाला कुठं नेतील?

"मॅडम, माझं सासर इचलकरंजी, माहेर कोल्हापुरातल्या जुन्या पेठेत. धाकटा भाऊ ३१ वर्षांचा, अजून लग्न नाही. शिरोलीच्या फौंड्रीत चांगल्या कामाला होता. चार वर्षांपूर्वी त्याला कानात आवाज ऐकू यायला लागले. मानसोपचार तज्ज्ञांच्या गोळ्यांनी बरा झाला, कामावर परत गेला. दिवाळीनंतर 'आता मला काही नाही' म्हणून गोळ्या सोडल्या. आता म्हणतो, शेजारचे माझ्या जेवणात काहीतरी घालतात. रात्रभर गच्चीवर फिरतो, कठड्यावर बसतो. परवा बाबा समजवायला गेले तर विळा उगारला. लागलं नाही, पण बाबा आता आतून कडी लावून झोपतात. तालमीतली पोरं म्हणतात, 'ताई, तुम्ही फक्त सांगा, बांधून नेतो.' एका खासगी केंद्राचा माणूस म्हणतो, 'पैसे भरा, आमची गाडी येऊन उचलून नेईल.' शेजारी म्हणतात, पोलिसांना बोलवा. आई म्हणते, पोलीस मारतील, कोठडीत टाकतील, नाहीतर रत्नागिरीला नेऊन सोडतील, जन्माची बदनामी होईल. ती चहातून गोळी घालते, तो निम्मा चहा टाकून देतो. पोलिसांना असा अधिकार खरंच आहे का? त्याच्यावर केस होते का? आणि फोन मी केला हे त्याला कळलं, तर तो मला माफ करेल का?"
— एक बहीण

ताई,

बाकी सगळं नंतर. आज संध्याकाळच्या आत विळा, कोयता, सुऱ्या, घरात असलं तर रॉकेल आणि तणनाशक शेजारच्या विश्वासातल्या घरी हलवा. गच्चीच्या दाराला कुलूप घाला आणि किल्ली बाबांच्या कमरेला राहू द्या. तो झोपलेला असताना किंवा बाहेर गेलेला असताना हे करा. विचारलं तर खोटं सांगू नका. "आम्हाला भीती वाटली म्हणून ठेवून दिलं," एवढं पुरे. आई-बाबांच्या मोबाईलवर ११२ आणि १०८ हे दोन्ही नंबर आत्ताच सेव्ह करून द्या आणि कधी लावायचे तेही सांगून ठेवा.

आता तुमचा पहिला प्रश्न. हो, पोलिसांना अधिकार आहे. खरं तर कायदा त्याला अधिकार म्हणतच नाही, पोलिसांचं कर्तव्य म्हणतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सालचा आहे आणि २९ मे २०१८ पासून तो लागू आहे. त्यातलं कलम १०० पोलिसांसाठी आहे. हा आकडा पाठ करून ठेवा, कारण ठाण्यात तुम्हाला तोच उच्चारायचा आहे. एखादी व्यक्ती मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका ठरू शकते असं मानायला कारण असेल, तर त्या हद्दीतल्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यानं तिला संरक्षणात घ्यायचं आहे. हे रस्त्यावर भटकणाऱ्यांसाठीच आहे असा बऱ्याच जणांचा, काही पोलिसांचाही, समज आहे. भटकणाऱ्यांसाठी वेगळं पोटकलम आहे. धोक्याचं पोटकलम ठाण्याच्या हद्दीतल्या कुणालाही लागू होतं, मग तो माणूस बिंदू चौकात असो की स्वतःच्या घराच्या गच्चीवर.

संरक्षणात घेणं म्हणजे अटक नाही. तुमच्या आईला हे वाक्य दोनदा वाचून दाखवा. अशा माणसाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात कोणत्याही परिस्थितीत ठेवायचं नाही, असं त्याच कलमात स्वच्छ लिहिलं आहे. त्याला का नेत आहोत हे पोलिसांनी त्याला सांगायचं आहे, आणि ते समजण्याच्या अवस्थेत तो नसेल तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला, म्हणजे त्याच्या वतीनं निर्णय घेणाऱ्या माणसाला, सांगायचं आहे. मग त्याला जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीसाठी न्यायचं, लवकरात लवकर, आणि काही झालं तरी २४ तासांच्या आत. हे २४ तास ठाण्यातल्या बाकावर बसवून ठेवण्यासाठी दिलेले नाहीत, ती शेवटची मर्यादा आहे. शहरातल्या शहरात तुमच्या पेठेतून सीपीआर रुग्णालयाला पोचायला कितीसा वेळ लागतो? कुणी म्हणालं, "बसू दे जरा, साहेब आल्यावर बघू," तर "आधी दवाखान्यात नेऊया, साहेबांशी मी तिथून बोलते," असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आईची रत्नागिरीची भीती मला समजते. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या 'रत्नागिरीला पाठवलं' म्हटलं की माणूस संपला असंच घरोघरी समजलं गेलं. आंबा घाट उतरून गेलेला माणूस परत आलाच नाही, अशा हकिकती प्रत्येक पेठेत आहेत आणि त्यातल्या काही खऱ्याही आहेत. पण कायदा म्हणतो 'जवळची सार्वजनिक आरोग्य संस्था'. तुमच्यासाठी ती छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपलं सीपीआर. ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचा विषय निघालाच तर तो डॉक्टरांनी तपासल्यानंतर, त्यांच्या निर्णयानं. पोलीस परस्पर नेऊन सोडू शकत नाहीत. आणि भरती झालीच, तरी आजच्या कायद्यात तिला मुदत आहे, त्याबद्दल पुढं लिहिते.

केसबद्दल. कलम १०० खाली दवाखान्यात नेलं म्हणून गुन्हा दाखल होत नाही. ठाण्याच्या स्टेशन डायरीत नोंद होते, ती व्हायलाच हवी, उद्या तुमच्या उपयोगाची आहे. बाबांनी किंवा शेजाऱ्यांनी विळ्याबद्दल वेगळी फिर्याद दिली तर मात्र ते वेगळं प्रकरण होतं. म्हणून फोनवर काय शब्द वापरता याला महत्त्व आहे. "भाऊ मारायला उठलाय, त्याला उचला," असं म्हणालात तर समोरचा पोलीस भांडण मिटवायच्या तयारीनं येईल. "माझ्या भावाला मानसिक आजार आहे, औषधं बंद झालीत, त्याच्या स्वतःच्या आणि वडिलांच्या जिवाला धोका आहे, कलम १०० प्रमाणे त्याला दवाखान्यात न्यायला मदत हवी," असं म्हणा. कागदावर लिहून फोनशेजारी ठेवा, कारण त्या क्षणी आवाज कापतो आणि नेमकं हेच सुचत नाही. तो कठड्यावरून उडी मारायला गेला तर त्याच्यावर आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा लागेल, हीही भीती काढून टाका. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच कायदा गृहीत धरतो आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरवतो.

आता प्रश्न येतो बोलवायचं कधी. इथं मी ठाम बोलते, रागावू नका. गोळ्या घेत नाही, आंघोळ करत नाही, नोकरी सोडली, आईवर ओरडला, एवढ्यासाठी पोलीस नाहीत. त्याहून वाईट म्हणजे "गोळी घे, नाहीतर पोलिसांना बोलावते" अशी धमकी. आधीच सगळं जग आपल्यावर टपलंय असं ज्याला वाटतं, त्याच्या घरच्यांनीच ते खरं करून दाखवल्यासारखं होतं, आणि खरी वेळ येते तेव्हा खाकी बघितल्याबरोबर तो गच्चीकडं पळतो. पण त्यानं पुन्हा हत्यार हातात घेतलं, कठड्यावर चढला, मरायची किंवा मारायची भाषा केली, आवाज आता 'हे कर' असा हुकूम देतात असं म्हणाला, किंवा विषाच्या भीतीनं अन्नपाणीच सोडलं, तर थांबू नका. नातेवाईक गोळा करून बैठक घेऊ नका, आत्याला सांगलीहून बोलावू नका. ११२ लावा.

तुमच्या पत्रावरून मला वाटतं, त्या रेषेपासून तुम्ही फार लांब नाही. विळा एकदा उगारला गेला आहे. म्हणून फोन करायची वेळ यायच्या आधी, शक्य तर उद्याच, तुम्ही आणि बाबा हद्दीच्या पोलीस ठाण्यात जाऊन या. प्रभारी अधिकाऱ्यांना भेटा. जुन्या उपचारांची फाईल, शेवटच्या चिठ्ठ्या आणि काय काय कधी घडलं याचं एक पान बरोबर न्या. साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. मध्यरात्री अनोळखी पत्त्यावर येणारा पोलीस आणि ज्याला हे घर, हा मुलगा आणि त्याचा आजार आधीच माहीत आहे तो पोलीस, यांच्या वागण्यात फरक पडतो. गल्लीच्या तोंडाला गाडी थांबवा, सायरन नको, शक्य असेल तर साध्या कपड्यातला एखादा जण पुढं असू दे, या विनंत्याही त्याच वेळी करा. कायद्यानं त्या बंधनकारक नाहीत, पण समजून घेणारे अधिकारी असतात आणि आधी सांगितलेलं त्यांना सोयीचं जातं.

ठाण्यात तुम्हाला दोन उत्तरं मिळू शकतात. एक, "हे तुमचं घरगुती आहे." दुसरं, "कोर्टाची ऑर्डर आणा." दुसऱ्या उत्तरामागं नेहमी टाळाटाळच असते असं नाही. १९८७ च्या जुन्या कायद्यात पोलिसांना अशा माणसाला मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागायचं आणि दवाखान्यात ठेवायला कोर्टाचा आदेश लागायचा. तीच पद्धत अनेकांच्या डोक्यात बसली आहे. नव्या कायद्यात धोका असलेल्या माणसाला थेट दवाखान्यात न्यायचं आहे, हे शांतपणे सांगा, कलमाची छापील प्रत हातात द्या. तरीही हलले नाहीत तर उपअधीक्षक, पोलीस अधीक्षक कार्यालय. तिथंही नाही तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. मानसिक आजार असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क या कायद्यात आहे, आणि विधी सेवेचा १५१०० हा नंबर आहे. कोर्टाचा रस्ताही बंद नाही. मॅजिस्ट्रेटपुढं असा माणूस आला तर त्याला तपासणी आणि उपचारांसाठी सरकारी मानसिक आरोग्य संस्थेत न्यायचा, किंवा १० दिवसांपर्यंत भरती करून तपासायचा लेखी आदेश ते देऊ शकतात. पण हातात विळा असलेल्या रात्री कोर्टाची वाट बघायची नसते.

पोलीस येतील तेव्हा घरातल्या एकानंच त्याच्याशी बोलायचं. कोण, ते आत्ताच ठरवा. माझ्या मते बाबा नकोत, परवाचं ताजं आहे. तुम्ही, किंवा त्याचा फौंड्रीतला एखादा जिवाभावाचा मित्र. शेजारी विष घालतात की नाही यावर वाद घालू नका, हो ला होही मिळवू नका. "तुला किती भीती वाटत असेल ते मला दिसतंय. झोप नाही, जेवण नाही. आपण डॉक्टरांकडं जाऊया, मी बरोबर येते," इतकंच, हळू आवाजात, पुन्हा पुन्हा. लग्नाला चाललोय, आधार कार्डाचं काम आहे, असं सांगून नेऊ नका. अशानं एकदा न्यायला जमतं, पुढच्या वेळी तो दारच उघडत नाही. अंतर ठेवून उभं राहा आणि दाराची वाट मोकळी ठेवा. पोलिसांनाही सांगा की तो आरोपी नाही, बेडीची गरज नाही. १०८ ची रुग्णवाहिका मागा. मानसिक आजार असलेल्या माणसाला इतर रुग्णांसारखीच रुग्णवाहिका मिळाली पाहिजे, हेही या कायद्यात लिहिलं आहे. पोलिसांच्या गाडीतूनच न्यावं लागलं तर घरचं एक माणूस त्याच्याशेजारी बसू द्या म्हणा.

तालमीतल्या पोरांचं मन चांगलं आहे, यात मला शंका नाही. कोल्हापुरात अडीनडीला तालीमच धावून येते, पूर आला की सगळ्यात आधी हीच पोरं पाण्यात उतरतात. पण या कामाला त्यांना लावू नका. घाबरलेल्या माणसाला चौघांनी पालथं पाडून पाठीवर बसलं, हात मागं बांधले, की श्वास कोंडतो. अशी माणसं काही मिनिटांत गेलेली आहेत, आणि करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्या पोरांना दुसरं काम द्या. गल्लीत गर्दी होऊ द्यायची नाही, कुणी मोबाईल काढून व्हिडिओ घेऊ लागला तर थांबवायचं, आणि आईजवळ कुणीतरी बसायचं. भावाचा तसला एक व्हिडिओ ग्रुपवर फिरला, तर बरा झाल्यावर त्याला परत कामावर जाणं आजारापेक्षा जड जाईल.

आणि ते खासगी केंद्र. ताई, त्याला आजच नाही म्हणा. पैसे घेऊन घरातून माणूस उचलून नेणाऱ्या गाड्या सर्रास फिरतात, आणि थकलेले घरचे लोक त्यांच्या हाती माणूस देऊन मोकळे होतात. मी त्यांना दोष देत नाही. सहा-सहा महिने न झोपलेल्या घराला कुणीही 'आम्ही बघतो' म्हटलं की देव भेटल्यासारखं वाटतं. पण कुठल्याही खासगी माणसाला तुमच्या भावाला जबरदस्तीनं गाडीत घालायचा अधिकार नाही. मानसिक आजारावर उपचार करणाऱ्या प्रत्येक संस्थेला राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडं नोंदणी करावी लागते. नोंदणीशिवाय चालवली तर पहिल्या वेळी ५ हजारांपासून ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. साखळीनं बांधणं कुठल्याही स्वरूपात बेकायदेशीर आहे. त्या माणसाला दोनच गोष्टी विचारा: नोंदणी प्रमाणपत्र दाखवता का, आणि भरतीच्या आधी कोणते मानसोपचार तज्ज्ञ तपासणार? उत्तर कसं येतं त्यावरून तुम्हाला सगळं कळेल.

दवाखान्यात काय होईल ते सांगते, कारण घरच्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथं असतो. पोलिसांनी नेलं म्हणजे भरती झालीच असं नाही. पोलिसांचं काम तपासणीपर्यंत पोचवण्याचं, निर्णय डॉक्टरांचा. सीपीआरच्या अपघात विभागात आधी त्याची शारीरिक तपासणीही होईल, ती होऊ द्या, घाई करू नका. ताप, साखर कमी होणं, डोक्याला मार, दारू अचानक सोडणं यांनीही माणूस असाच बरळतो. शेवटची गोळी कधी घेतली, कोणती, किती, दारू-गांजा आहे का, कशाची ॲलर्जी आहे का, हे लिहून न्या. चहातून दिलेल्या गोळ्यांचंही सांगा. संकोच करू नका, डॉक्टरांना ते कळलं नाही तर डोस चुकू शकतो. विळ्याची आणि कठड्याची गोष्ट तारखेसकट, जशी घडली तशी सांगा. वाढवून सांगू नका आणि आईसारखं झाकूही नका. दवाखान्याच्या अनोळखी प्रकाशात असे रुग्ण अर्धा तास अगदी व्यवस्थित बोलतात, आणि घरच्यांनी "तसं फार काही नाही ओ" म्हटलं की डॉक्टरांपुढं दुसरा आधार उरत नाही.

त्याची संमती नसताना भरती करायची असेल तर त्याच दिवशी किंवा आदल्या ७ दिवसांत दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं. एक मानसोपचार तज्ज्ञ, आणि दुसरे मानसिक आरोग्य क्षेत्रातले तज्ज्ञ किंवा डॉक्टर. आजार गंभीर आहे, आणि त्यानं नुकताच स्वतःला इजा करण्याचा प्रयत्न किंवा धमकी दिली, किंवा दुसऱ्यावर हिंसा केली वा तिची भीती निर्माण केली, किंवा स्वतःची काळजी घ्यायला तो असमर्थ आहे, असं दोघांचंही मत पडावं लागतं. अर्ज नामनिर्देशित प्रतिनिधीनं करायचा. त्यानं आधी कुणाला नेमलेलं नसेल तर नातेवाईक ती जागा घेऊ शकतात, म्हणजे बाबा किंवा तुम्ही. ही भरती ३० दिवसांपर्यंतची. त्यापुढं ठेवायचं तर दोन मानसोपचार तज्ज्ञांची नव्यानं तपासणी आणि अशा भरतींवर लक्ष ठेवणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची परवानगी लागते. भरतीविरुद्ध त्या मंडळाकडं दाद मागायचा हक्क तुमच्या भावालाही आहे, आणि तो त्यानं वापरला तर त्याला तुमच्याविरुद्धचं बंड समजू नका. जन्मभरासाठी नेऊन टाकण्याची सोय या कायद्यात नाही, हे आईसाठी.

डॉक्टरांनी भरतीची गरज नाही म्हटलं तर पोलिसांनीच त्याला घरी आणून सोडायचं आहे. ती शक्यता धरून तयारी ठेवा. त्या रात्री बाबा कुठं झोपतील, तुम्ही माहेरी थांबाल का, पुन्हा तपासणीची तारीख काय, हे घेतल्याशिवाय अपघात विभागातून बाहेर पडू नका.

चहातल्या गोळीबद्दल वेगळं लिहायलाच हवं. आईची माया मला कळते. पण जरा त्याच्या जागी उभं राहून बघा. 'माझ्या खाण्यात काहीतरी मिसळतात' हीच त्याची भीती आहे, आणि घरात खरोखरच कुणीतरी त्याच्या चहात काहीतरी मिसळतंय. त्याला चव लागते म्हणूनच तो निम्मा चहा टाकतो. ज्या दिवशी कपाच्या तळाशी पांढरा चुरा दिसेल, त्या दिवशी संशय शेजाऱ्यांवरून आईवर येईल. हे आजच बंद करा. त्याऐवजी डॉक्टरांना महिन्याला एकदा घ्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारा. रोजच्या गोळीचा तंटा ज्या घरात आहे तिथं त्याचा खूप उपयोग होतो. तो यायला तयार नसेल तर तुम्ही एकट्या जाऊन त्याच्या जुन्या डॉक्टरांना भेटा, फाईल त्यांच्याकडं आहेच. जिवावरचा प्रसंग असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर प्रतिनिधीच्या संमतीनं घरी येऊनही तातडीचा उपचार करू शकतो, जास्तीत जास्त ७२ तासांपुरता, आणि दवाखान्यात हलवणं त्यातच येतं. तुमच्या फॅमिली डॉक्टरांना हे माहीत नसेल तर कलम ९४ सांगा. रात्री दोनला काय करावं कळेना झालं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, लावा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आईला त्याला घेऊन जोतिबाला किंवा आदमापूरला जायचं असेल तर तो बरा असताना, त्याची इच्छा असेल तर, जरूर जाऊ दे. फक्त गोळ्यांचा डबा पिशवीत हवा.

राहिला शेवटचा प्रश्न, जो तुम्ही बहुधा सगळ्यात आधी लिहिला असणार आणि मग खाली ढकलला असणार. फोन तुम्ही केला हे त्याला कळणारच. पेठेत अशी गोष्ट दोन दिवस लपत नाही, आणि दुसऱ्याच्या तोंडून कळली तर ती जास्त लागते. म्हणून तुम्हीच सांगा. भरतीच्या पहिल्या दिवशी नको, औषध लागू पडून झोप यायला लागली, नजर स्थिर झाली की सांगा. "त्या रात्री ११२ ला फोन मी केला. बाबांच्या आणि तुझ्या जिवाची भीती वाटली म्हणून केला. पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा करेन. तशी वेळ येऊ नये यासाठी तुला काय हवं ते मला सांग." तो रागावेल. कदाचित महिनाभर बोलणार नाही. तरी भेटीच्या वेळी जात राहा, त्याच्या आवडीचं काहीतरी करून न्या, उत्तराची अपेक्षा न ठेवता बसून या.

आणि तो सावरला, पुन्हा कामाचं बोलायला लागला, की एक काम त्याच्याकडून करून घ्या. पुढं कधी आजार उसळला तर आपल्या वतीनं निर्णय कुणी घ्यायचे, हे तो साध्या कागदावर लिहून, सही करून ठरवू शकतो. कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हेही आगाऊ निर्देश म्हणून लिहून ठेवता येतं. ते लिहिताना त्याला विचारा की त्या रात्री काय चुकलं, गाडी पाहून काय वाटलं, कुणी बोललेलं त्यानं ऐकलं असतं. त्याची उत्तरं ऐकताना मध्ये बोलू नका. आणि प्रतिनिधी म्हणून त्यानं तुमच्या किंवा बाबांच्या ऐवजी फौंड्रीतल्या मित्राचं नाव लिहिलं, तर त्या मित्राची लेखी संमती घ्या आणि कागदाची एक प्रत त्याच्या डॉक्टरांच्या फाईलमध्ये लावून या.